कंबरदुखीला महिना झाला? मग रक्त तपासा

सोलापुरात कंबर दुखते म्हटलं की कारण तयारच असतं. मागावर उभं राहून दुखते, विड्या वळताना वाकून बसल्यानं दुखते, मणक्यात गॅप आहे. बहुतेकदा ते खरंही असतं. पण याच ठरलेल्या उत्तराआड मल्टिपल मायलोमा महिनोन्‌महिने लपून राहतो.

हा रक्ताचा कॅन्सर. हाडांच्या आतल्या मज्जेतल्या (बोन मॅरो) प्लाझ्मा पेशी, म्हणजे प्रतिकारासाठी प्रथिनं बनवणाऱ्या पेशी, बेसुमार वाढतात आणि मणके, बरगड्या आतून पोखरतात. साधं पोतं उचलताना मणका दबतो, खोकल्यानं बरगडी मोडते. एक्स-रे मात्र साफ येऊ शकतो, कारण हाडातलं निदान 30 टक्के खनिज गेल्याशिवाय त्यावर खड्डा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणजे सुटलो, असं कृपा करून धरू नका.

पन्नाशी उलटलीय, दुखणं महिनाभर हटत नाही, जोडीला थकवा किंवा फिकटपणा आहे, तर डॉक्टरांना विचारून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (सूज दाखवणारी तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), कॅल्शियम, टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन करा. प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा केलं की उरतं ते ग्लोब्युलिन. ते 4 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे असेल तर पुढची तपासणी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून मायलोमाचं प्रथिन शोधणं. (जुनं इन्फेक्शन, लिव्हरचा आजार यांतही ते वाढतं, लगेच घाबरू नका.) काही रुग्णांत ग्लोब्युलिन वाढतच नाही आणि लघवीच्या साध्या पट्टीलाही मायलोमाची प्रथिनं सापडत नाहीत. संशय उरला तर रक्तातली फ्री लाइट चेन (या प्रथिनांचे सुटे तुकडे) तपासावीच लागते. पक्कं निदान मज्जेच्या तपासणीनं.

खरा घात होतो तो मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी. मायलोमाची प्रथिनं मूत्रपिंडात आधीच अडकत असतात, त्यात रोजची डायक्लोफेनॅक आणि आपल्याकडचा मे महिन्याचा उन्हाळा, अंगातलं पाणी आटलेलं. मूत्रपिंड बसायला आणखी काय लागतं? ‘हाडं ठिसूळ झालीत’ म्हणून सुरू केलेलं कॅल्शियमही घातक, कारण झिजणाऱ्या हाडातलं कॅल्शियम रक्तात आधीच वाढलेलं असू शकतं. सारखी तहान, बद्धकोष्ठता, असंबद्ध बडबड किंवा गुंगी ही त्याची चिन्हं. पाय लुळे पडले किंवा लघवी अडकली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, मणक्यातून जाणारा मज्जारज्जू दबत असू शकतो.

लहान मुलांचं वेगळं. वाढीचं दुखणं संध्याकाळी दोन्ही पायांत येतं, सकाळी पोर पळत असतं. लंगडणं, ताप, अंगावर निळे डाग असतील तर ल्युकेमियाची (हाही रक्ताचा कॅन्सर) शंका घ्या. संधिवात समजून स्टेरॉइड देण्याआधी सीबीसी आणि रक्ताची स्लाइड बघायला लावा, संशय असेल तर मज्जाही. स्टेरॉइडनं ल्युकेमियाच्या पेशी तात्पुरत्या दबतात, दुखणं थांबतं आणि निदान हातचं जातं.