जुन्या स्पीकरच्या भावात आवाजाचा वाटा किती?

पुण्यातल्या गाणी ऐकणाऱ्यांच्या आणि जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर सतत फिरतो. त्याचा सारांश असा: जुने हाय-फाय स्पीकर महाग आहेत ते रास्तच आहे. त्यांत अलनिकोचं चुंबक आणि कागदाचा कोन (हलून आवाज काढणारा पुढचा पडदा) आहे, पेटी अस्सल लाकडाची आहे. ते कानाने घडवलेले आहेत, कॉम्प्युटरने नाहीत. कमी वॉटवर ते जास्त वाजतात. घ्यायचे तर हात न लागलेले घ्या. आणि पैसे बुडणार नाहीत, कारण भाव चढतच राहतो. हे वाचून लोक रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात जातात आणि नावाची पट्टी पाहून पैसे मोजतात. म्हणून एकेक दावा तपासू. त्यातला एक बराचसा खरा आहे, तोही सांगू.

“अलनिकोचा गोडवा फेराइटला नाही, म्हणून भाव.”

अलनिको म्हणजे लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेला मिश्रधातू. कोबाल्टचा मोठा पुरवठा तेव्हाच्या झाईरमधून (आजचा काँगो) व्हायचा. १९७८ मध्ये तिथल्या शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव कित्येक पटींनी वाढले आणि स्पीकरवाले फेराइटकडे, म्हणजे कोबाल्ट न लागणाऱ्या स्वस्त चुंबकाकडे वळले. जेबीएल या अमेरिकी कंपनीने त्याच सुमारास फेराइटसाठी चुंबकाच्या आतली रचनाच नव्याने आखली. म्हणजे अलनिको मागे पडलं ते भावामुळे, आवाजामुळे नाही. शिवाय ते संपलेलंही नाही. गिटारच्या ॲम्प्लिफायरसाठी अलनिकोचे स्पीकर आजही नवे मिळतात.

कॉईलला, म्हणजे कोनामागे चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या तारेच्या गुंडाळीला, चुंबकाचा धातू कळत नाही. तिला फटीतलं चुंबकीय क्षेत्र किती आहे आणि ते वाजताना किती ढळतं, एवढंच कळतं. चांगली रचना केलेलं फेराइट इथे मागे पडत नाही. अलनिकोची खोड वेगळी आहे: त्याची चुंबकशक्ती तुलनेने सहज उतरते. जोराचा प्रवाह गेला, ड्रायव्हर (पेटीतला सुटा स्पीकर) आपटला किंवा कुणी चुंबक सोडवून परत बसवलं, की ती कमी होते. मग कोनावरचा ताबा सुटतो, मधल्या सुरांचा पट्टा दबतो आणि बास फुगतो. बाजारात ज्याला ‘उबदार गोडवा’ म्हणतात, तो अनेकदा हाच असतो. अशा ड्रायव्हरला पुन्हा चुंबकित करता येतं, पण त्यासाठी मोठे कंडेन्सर एका झटक्यात रिकामे करणारं यंत्र लागतं. ते गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे नसतं.

आणि सगळ्यांत बोलकं उदाहरण बीबीसीने आखलेल्या एलएस ३/५ए या छोट्या स्पीकरचं. पेटी जेमतेम पाच लिटरची, आणि आकाराच्या मानाने भाव डोळे पांढरे करणारा. तिच्यातल्या केईएफ कंपनीच्या वूफरचं (खालचे सूर वाजवणाऱ्या ड्रायव्हरचं) चुंबक फेराइटचं आहे, आणि कोन कागदाचा नाही, बेक्स्ट्रीन नावाच्या प्लास्टिकचा आहे. मजकुरातल्या दोन्ही कसोट्यांवर ही पेटी नापास व्हायला हवी होती.

“अस्सल लाकूड.”

लगेच निकालात निघणारा मुद्दा. नावाजलेल्या बहुतेक पेट्या चिपबोर्ड किंवा प्लायवूडच्या आहेत, वर अक्रोडाचं किंवा सागाचं पातळ व्हिनियर. एलएस ३/५ए ची पेटी पातळ बर्च प्लायची असून आतून मुद्दाम जड थर चिकटवलेला असतो, म्हणजे भिंतीची थरथर दबते. सबंध लाकडाची फळी ऋतूबरोबर फुगते, आकसते, फाटते. पुण्यात तर जूनपासून ओल आणि एप्रिलमध्ये कोरडी हवा, दोन्ही टोकं. घेताना पेटी उलटी करा आणि खालच्या कडेला नख लावा. चिपबोर्ड पाणी प्यायला असेल तर कड फुगलेली असते आणि भुसा सुटतो. ते परत बसत नाही. पोर्टमध्ये, म्हणजे पेटीला ठेवलेल्या हवेच्या भोकात, बॅटरी मारून पाहा, कुंभारीण माशीने आत मातीचं घर केलेलं असू शकतं.

“तेव्हा कानाने घडवायचे, आता कॉम्प्युटरने.”

हा दावा त्या इंजिनिअरांचा अपमान करणारा आहे. एलएस ३/५ए चं मूळ बीबीसीच्या संशोधन विभागात, स्टुडिओच्या एक-अष्टमांश प्रतिकृतींवरच्या ध्वनीप्रयोगांत आहे. तिथे प्रत्येक गोष्ट मोजली जायची. उलट पेटी आणि वूफर यांचं गणित सर्वांच्या हाती उशिरा आलं. इंजिनिअर नेव्हिल थील यांचा ऑस्ट्रेलियातला निबंध १९६१ चा, तो जगभर वाचला गेला १९७१ च्या पुनर्मुद्रणानंतर, आणि रिचर्ड स्मॉल यांचे लेख त्यानंतरचे. त्याआधीच्या पोर्टवाल्या पेट्यांत बराचसा अंदाजच होता. म्हणून पन्नास-साठच्या दशकांतल्या कित्येक पेट्या एकाच सुरावर घुमतात. कॉम्प्युटरने ते घुमणं आधीच दिसतं, एवढाच फरक.

कानावर भरवसा ठेवायचा तर कानाचीही परीक्षा घ्यावी लागते. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनी-संशोधकांनी तेच श्रोते आणि तेच स्पीकर घेऊन चाचणी केली, एकदा स्पीकर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना दिलेले गुण पडद्याआड टिकले नाहीत. चाळीस हजार मोजून आणलेल्या अक्रोडी पेटीबद्दल आपलं मतही असंच रंगतं.

“कमी वॉटवर जास्त वाजतात.”

हे मोठ्या हॉर्नवाल्या आणि १५ इंची स्पीकरबाबत खरं आहे, आणि इथे जास्त भाव देण्यामागे तर्कही आहे. हॉफमनचा नियम सांगतो की खोल बास, छोटी पेटी आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, कोणत्याही दोन निवडा. घरं लहान झाली तसे कारखान्यांनी पेट्या छोट्या केल्या आणि वॉट स्वस्त झाल्यामुळे तिसरी गोष्ट सोडून दिली. एका वॉटवर ९८ डेसिबल देणारा आणि ८६ डेसिबल देणारा स्पीकर यांत १२ डेसिबलचा फरक. दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट, म्हणजे १६ पट. ज्याच्याकडे ८ वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आहे, त्याला दुसऱ्या स्पीकरवर तेवढ्याच आवाजासाठी १२८ वॉट लागतील. त्याच्यासाठी अल्टेक, टॅनॉय किंवा क्लिप्श या कंपन्यांचा जुना मोठा स्पीकर ही खरी गरज आहे. अर्थात क्लिप्शचा क्लिप्शहॉर्न १९४६ पासून बनतो आहे आणि आजही नवा मिळतो, हेही हिशेबात धरा.

पण ‘कमी वॉट’चा दावा सगळ्या जुन्यांना लावणं चूक. एलएस ३/५ए ची संवेदनशीलता (एका वॉटवरचा आवाज) जेमतेम ८३ डेसिबल आहे. आणि आपल्याकडे बाजारात दिसणारे ‘जपानी थ्री-वे’ (तीन ड्रायव्हरच्या पेट्या) बहुधा रॅक सिस्टिमबरोबर, म्हणजे एकगठ्ठा विकलेल्या म्युझिक संचाबरोबर, आलेले असतात. हलका चिपबोर्ड, कागदी ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा ड्रायव्हर), क्रॉसओव्हरच्या, म्हणजे ड्रायव्हरांत सूर वाटून देणाऱ्या सर्किटच्या, नावाखाली एकच कंडेन्सर. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आयातीवर भारी शुल्क होतं, आखातातून येणाऱ्या सामानात काही जोड्या आल्या, म्हणून इथे त्या दुर्मिळ. दुर्मिळ म्हणजे उत्तम नव्हे.

“हात न लागलेले घ्या.”

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा सल्ला हाच, म्हणून इथे सविस्तर.

वूफरच्या कडेचा फोम १५-२० वर्षांत कुजतो, वाजवला नाही तरी. दमट हवेत आणखी लवकर. बोट लावल्यावर तो चिकट लागला किंवा भुगा झाला तर तो गेलाच. रबर जास्त टिकतं, लेप दिलेलं कापड त्याहून जास्त. जेबीएल एल १०० च्या वूफरची कड फोमची नाही, म्हणून ते वूफर आजही धड मिळतात. मात्र त्याची प्रसिद्ध रंगीत फोमची जाळी हमखास कुजलेली असते.

फोम बदलताना जुना गोंद कोनावरून आणि फ्रेमवरून पूर्ण काढायचा. कागदी कोनाला पाणी लावायचं नाही. प्लास्टिकच्या कोनाला ॲसिटोन तर मुळीच नाही, तो विरघळू शकतो. आधी फोम कोनाला चिकटवून रात्रभर सुकू द्यायचा. मग डस्ट कॅप (कोनाच्या मधली टोपी) कापून कॉईल आणि मधला खांब यांच्या फटीत प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या सारख्या अंतरावर घालायच्या आणि नंतरच बाहेरची कड चिकटवायची. डस्ट कॅप कापायची नसेल तर २०-३० हर्ट्झचा हळू सूर देऊन, घासण्याचा आवाज थांबेपर्यंत कोन सरकवून मध्यावर आणायचा. घाई केली की कॉईल एका बाजूला घासते आणि थोड्याच दिवसांत वायर तुटते. ताठ फोम लावला तर वूफरची अनुनाद वारंवारता (तो आपसूक घुमतो तो सूर) वर सरकते आणि बास पातळ होतो. फोम त्या मॉडेलचाच हवा, ‘दहा इंची’ एवढं सांगून आणलेला चालत नाही.

दुसरी गोष्ट क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. ८ ओहमच्या ट्वीटरला ८ मायक्रोफॅरॅड असेल तर विभागणी सुमारे २,५०० हर्ट्झवर होते. तोच सरकून १० झाला तर २,००० वर येते आणि ट्वीटरवर नको तो भार पडतो. सुकलेल्या कंडेन्सरचा अंतर्गत रोध १ ओहमने वाढला तर ट्वीटर साधारण १ डेसिबल दबतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत मल्टीमीटर आणि सुटे भाग घेताना नेमकं मूल्य मिळालं नाही तर ४.७ आणि ३.३ समांतर जोडा, ८ होतात. फक्त ते बायपोलर किंवा फिल्मचे हवेत. साधे, एका बाजूला वजा खूण असलेले चालत नाहीत. फिल्मचा बसवल्यावर ट्वीटर फार चढला तर मालिकेत अर्ध्या ओहमचा रेझिस्टर घाला. काम दोन्ही पेट्यांत एकाच वेळी करायचं.

मल्टीमीटरबद्दल एक खबरदारी. ८ ओहमचा धड वूफर ५.५ ते ७ ओहम दाखवतो, पण मागच्या टर्मिनलवर मोजलं तर फक्त वूफरच मोजला जातो. ट्वीटरच्या वाटेत कंडेन्सर असल्याने तो मेलेला असला तरी मीटर गप्प राहतो. कागदाची नळी करून ट्वीटरला कान लावा, हाच उपाय. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टर्मिनलला लावून दोन्ही वूफर एकाच दिशेला हलतात का ते पाहा. जुन्या जेबीएलमध्ये लाल टर्मिनलला धन जोडल्यावर कोन आत जातो. तो दोष नव्हे, कंपनीची जुनी पद्धत. शेवटी कोन दोन्ही हातांच्या बोटांनी समतोल दाबा. खरखर आली तर कॉईल घासते आहे.

“भाव चढतच राहणार.”

भाव ठरवतात संग्राहक. एलएस ३/५ए साठी जपान आणि हाँगकाँगमधल्या शौकिनांनी भाव ओढला. त्यातही १५ ओहमच्या जोडीला ११ ओहमच्या जोडीपेक्षा जास्त, आणि लागोपाठच्या क्रमांकांना आणखी जास्त. आकडे लागोपाठ असल्याने गाणं बदलत नाही. आणि हा भाव खाली ओढणारी शक्तीही आहे: पुनर्निर्मिती. फाल्कन या ब्रिटिश कंपनीने एलएस ३/५ए मधले केईएफचे दोन्ही ड्रायव्हर पुन्हा बनवायला घेतले, जेबीएलने २०१८ मध्ये एल १०० नव्या रूपात आणला. फक्त ऐकण्यासाठी घेणारा माणूस तिकडे वळतो.

यामाहा एनएस-१००० एम सारख्या पेटीत धोका उलटा. तिच्या ट्वीटरचे आणि मधल्या ड्रायव्हरचे घुमट बेरिलियमचे. धातू ठिसूळ आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. घुमट फुटला तर तो गल्लीत दुरुस्त होत नाही, सबंध ड्रायव्हर शोधावा लागतो. म्हणून पैसे देण्याआधी जाळीतून बॅटरी मारून चारही घुमट नीट पाहा.

विक्रेता परदेशी साइटवरचा आकडा दाखवतो तो बहुधा मागितलेला भाव असतो. झालेले सौदे वेगळे शोधून पाहा. मग त्यातून दोन फोम, कंडेन्सर, जाळी आणि मजुरी वजा करा. परगावाहून मागवत असाल तर ड्रायव्हर वेगळे काढून, वेगळे गुंडाळून पाठवायला सांगा. धक्क्याने जड चुंबक जागचं सरकलं तर कॉईल अडकून बसते, आणि तो ड्रायव्हर पुण्यात पोचेपर्यंत निव्वळ लोखंड झालेला असतो.