घरच्या घरी वाळवंट

वाळवंट हवं असेल तर उंट पाळायला नको की जैसलमेरला बदली मागायला नको. एक कुंडी पुरते. मुलुंडच्या आमच्या बाल्कनीतलीच कृती सांगतो.

कुंडीच्या तळाला भोक असतं, ते आधी बुजवा. आम्ही एम-सील लावलं, कारण तुळशीचं पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर ठिबकायचं आणि काकू तो विषय थेट सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढायच्या. मग रोज न चुकता बोअरिंगचं मचूळ पाणी घाला. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. थोड्याच महिन्यांत मातीवर पापडखार सांडल्यासारखा पांढरा थर धरतो. अभिनंदन, सुमेर तुमच्या घरी आलं!

सुमेरवाल्यांची, म्हणजे प्राचीन इराकमधल्या लोकांची, कुंडी जरा मोठी होती, इतकंच. टायग्रिस-युफ्रेटिसचं पाणी त्यांनी कालव्यांनी शेतात आणलं, पण निचऱ्याची सोय केली नाही. क्षार वर आले, गहू रुसला, मग खारट जमीन सोसणारे जव पेरले. पुढे तेही थकले. इतक्या लांब कशाला, सांगलीच्या उसाच्या पट्ट्यात विचारा. 'क्षारपड' म्हणजे काय, हे तिथे शाळकरी पोरही सांगेल.

मोठी ऑर्डर असेल तर सोव्हिएत पद्धत घ्या. १९६० नंतर मध्य आशियातल्या आमू आणि सीर या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं. अरल समुद्र, म्हणजे तेव्हाचं जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर, आटत गेला. मुयनाक बंदरातल्या बोटी आता वाळूत गंजताहेत. उघड्या पडलेल्या तळाचं रीतसर बारसंही झालंय: अरलकुम.

अमेरिकन पद्धतीत गवताळ माळ नांगरून गहू लावतात. १४ एप्रिल १९३५ला धुळीने तिथे भरदुपारी अंधार केला. दोष दुष्काळाला द्यायचा. नांगराचं नाव काढायचं नाही.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, ही अडचण खरी. पण पेव्हर ब्लॉक आहेत ना! आमच्या आवारात आंब्याच्या बुंध्याला खेटून बसवलेत. जुलैचं पाणी सरळ गटारात, मे महिन्यात टँकर.

आमची तुळस गेलीच. काकूंनी आपणहून नवं रोप आणून दिलं आणि निघताना वाकून कुंडीचं भोक नीट बुजलंय ना, ते बघून घेतलं.