‘आम्हीही पट्टा खाल्ला’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "आम्ही सोलापुरात गिरणीच्या चाळीत वाढलो, बापाचा पट्टा रोज खाल्ला. आम्हाला कुठे वेड लागलं? हल्लीची पोरं सगळं खापर आईबापांवर फोडतात. माझ्या पुतण्यालाही तेच खूळ लागलंय, डॉक्टरकडे चकरा चालू आहेत."

आधी माझी चूक. ‘प्रत्येक मानसिक आजाराचं मूळ बालपणात असतं’ हे माझं वाक्य चुकलंच. आनुवंशिकता असते, मोठेपणी बसलेले घाव असतात. ते वाक्य मी आज काढून टाकलं.

पण संबंधच नाही, हे मला मान्य नाही. फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेत हजारो प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं होतं: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली दारू, आईला होणारी मारझोड. असे चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांमध्ये नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका, काहीच न सोसलेल्यांच्या चार ते बारा पट निघाला. हे १९९८ साली छापून आलं. धोका वाढला म्हणजे आजार होणारच असं नाही, म्हणून तुम्ही धडधाकट असणं या आकड्यांच्या विरोधात जात नाही.

माझ्याच घरचं सांगते. गिरणी बंद पडली तेव्हा मी आठ वर्षांची होते. वडील प्यायला लागले. आई रात्री मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. दाराची कडी वाजली की तिची बोटं थांबायची आणि धाकटा भाऊ माझ्या फ्रॉकचं टोक मुठीत धरायचा. आज चाळिशी उलटली, तरी रात्री कडी वाजली की माझ्या छातीत धडधडतं. सतत सावध राहायला शिकलेलं शरीर ते सहजासहजी विसरत नाही. मला शेजारची अव्वा रात्री आपल्याकडे झोपायला न्यायची. भाऊ आईला सोडायचा नाही. बाविसाव्या वर्षी तो नैराश्यानं अंथरुणाला खिळला. अव्वामुळेच मी वाचले, असं शपथेवर नाही सांगता येणार. पण मला तसंच वाटतं.

वडिलांवर माझा राग नाही. काम गेल्यावर त्यांच्याशीही कुणी धड बोललं नव्हतं.

पुतण्या स्वतःहून डॉक्टरकडे जातोय, तर त्याला खूळ म्हणू नका, काका. अडीअडचणीला सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा आहे, १४४१६ वर, चोवीस तास, फुकट. आणि पुढच्या वेळी तो निघाला की त्याच्यासोबत जा, बाहेरच्या बाकावर बसा.