सगळ्यांना सगळे कायदे माहीत असतात, हे ठरवलं कोणी?

एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरत येतो. त्याचा आशय असा: ‘कायद्याचं अज्ञान ही सबब चालत नाही. म्हणजे देशातला प्रत्येक कायदा तुम्हाला ठाऊक आहे असं कोर्ट धरून चालतं. ठाऊक नव्हता म्हणून कुठेही सुटका नाही, चुकून भरलेले पैसेही परत नाहीत. राजपत्रात छापून आलं की विषय संपला. सगळे कायदे नेटवर फुकट आहेत, वकिलाला पैसे देण्यापेक्षा वाचायला शिका.’

यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. बाकीची त्याच्या आडोशाने आत शिरली आहेत.

‘कोर्ट धरून चालतं’

धरून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या निकालात १९७८ सालीच स्वच्छ सांगितलं आहे. उत्तर प्रदेश सरकारने नव्या वनस्पती तूप कारखान्यांना तीन वर्षं विक्रीकर माफीचं आश्वासन दिलं आणि मग शब्द फिरवला. सरकारचा एक बचाव असा होता की कंपनीने मधल्या काळात सवलतीचा दर स्वीकारला, म्हणजे पूर्ण माफीचा हक्क सोडलाच. न्या. भगवतींचं उत्तर: हक्क सोडायचा तर तो आहे हे आधी माहीत हवं, आणि प्रत्येकाला कायदा माहीत असतो असं कोणतंही गृहीतक कायद्यात नाही. त्यासाठी त्यांनी १८४६ च्या एका इंग्लिश निकालाचा आधार घेतला. म्हणजे हा गैरसमज तेव्हाही जुनाच होता.

नियम एवढाच आहे की अज्ञान पुढे करून जबाबदारी झटकता येत नाही. ‘तुम्हाला माहीत होतं’ असं कोर्ट म्हणत नाही, ‘माहीत नसलं तरी लागू होतं’ असं म्हणतं. सबब मान्य केली असती तर प्रत्येक खटल्यात आरोपीच्या डोक्यात काय होतं हे सिद्ध करत बसावं लागलं असतं, आणि ज्याने सगळ्यात कमी वाचलं तोच सगळ्यात सुरक्षित राहिला असता.

‘कुठेही सुटका नाही’

भारतीय न्याय संहितेची कलमं १४ आणि १७ (जुन्या दंड संहितेतली ७६ आणि ७९) वस्तुस्थितीची चूक आणि कायद्याची चूक वेगळी काढतात. सद्भावनेने झालेली वस्तुस्थितीची चूक माफ आहे, कायद्याची नाही. इथवर मजकूर लिहिणाऱ्याची बाजू भक्कम आहे. पण प्रत्येक गुन्ह्याचे घटक असतात, आणि कायद्याबद्दलची चुकीची समजूत कधी कधी त्यातला एखादा घटकच काढून घेते. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. वाटणीच्या कायद्याबद्दल चुकीची समजूत असल्यामुळे एखाद्याने ट्रॅक्टर आपल्याच वाट्याचा आहे असं मनापासून धरून नेला, तर तो हेतूच उरत नाही. तो दिवाणी दावा हरेल, ट्रॅक्टर परत देईल, पण चोर ठरणार नाही. अर्थात ‘मनापासून’ हा शब्द पुराव्याने उभा करावा लागतो. रात्री गुपचूप नेलेला ट्रॅक्टर त्याच्या विरोधात बोलतो.

दंडाचंही तसंच. हिंदुस्तान स्टील विरुद्ध ओरिसा राज्य या १९६९ च्या निकालात प्रश्न विक्रीकराच्या नोंदणीचा होता. आपल्याला नोंदणी लागू नाही अशा प्रामाणिक समजुतीतून कसूर झाली असेल, तर अधिकाराने शक्य आहे म्हणून दंड ठोकू नये, असं न्यायालयाने म्हटलं. इथे गल्लत होते ती कर आणि दंडाची. कर भरावाच लागतो, विवेकाचा प्रश्न फक्त दंडापुरता असतो. ज्या कायद्यात दंड आपोआप लागू होईल अशी भाषा आहे, तिथे हा निकाल दाखवून फारसं काही हाती लागत नाही.

‘चुकून भरलेले पैसे परत नाहीत’ हे तर सरळ चूक. करार कायदा, १८७२ चं कलम ७२ चुकीने दिलेले पैसे परत करायला सांगतं, आणि त्या चुकीत कायद्याची चूकही येते, हे सर्वोच्च न्यायालयाने कन्हैयालाल सराफ प्रकरणात १९५८ साली ठरवलं. तेही विक्रीकराचंच प्रकरण होतं. गोंधळ होतो तो कलम २१ मुळे. ते सांगतं की भारतातल्या कायद्याबद्दल चूक झाली म्हणून करार रद्द करता येत नाही. करार मोडणं आणि जादा गेलेले पैसे मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदत कायद्याच्या कलम १७ नुसार चुकीवर आधारलेल्या दाव्याची मुदत चूक कळल्यापासून, किंवा नीट काळजी घेतली असती तर कळली असती तेव्हापासून, मोजली जाते. मात्र सरकारी कराच्या परताव्याला ही वाट आता जवळजवळ बंद आहे: मफतलाल इंडस्ट्रीजच्या १९९६ च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालानंतर त्या त्या कर कायद्यातली पद्धत आणि तिथलीच मुदत पाळावी लागते. दुसरा कोणी खटला जिंकला म्हणून आपले जुने पैसे मागता येत नाहीत.

‘राजपत्रात आलं की विषय संपला’

छापलंच नाही तर कायदाच नाही, ही यातली चांगली बाजू. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूबद्दलचा कायदा नुसत्या ठरावाने केला, तो कुठे प्रसिद्ध केला नाही. त्याखाली झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये हरला प्रकरणात रद्द केली. ज्याची लोकांना कल्पनाच नाही अशा गुप्त ठरावावर शिक्षा देणं नैसर्गिक न्यायात बसत नाही.

आणि छापलं की काय होतं ते मेयर हान्स जॉर्जला विचारावं. अंगावर ३४ किलो सोनं घेऊन हा जर्मन गृहस्थ झुरिकहून मनिलाला निघाला होता. मुंबईत विमान फक्त थांबणार होतं. विमानातून न उतरवलेल्या सोन्याला पूर्वी सूट होती. रिझर्व्ह बँकेच्या नव्या अधिसूचनेने ते विमानाच्या मालयादीत नोंदवणं सक्तीचं केलं. ही अधिसूचना राजपत्रात आली २४ नोव्हेंबर १९६२ ला, तो निघाला २७ ला, पकडला गेला २८ ला. मुंबई उच्च न्यायालयाने सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी ठरवलं. भारतात रीतसर प्रसिद्धी झाली, तेवढी पुरे. न्या. सुब्बा राव यांचं मत वेगळं होतं. शिक्षा मात्र भोगून झाली तेवढ्यावरच थांबवली. दोष गेला नाही, शिक्षा हलकी झाली. अज्ञानाचा उपयोग बहुतेक वेळा इथेच होतो.

‘नेटवर आहेत, वाचा’

वाचावेतच. पण ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर कलम दिसतं याचा अर्थ ते लागू आहे असा होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (२) घ्या: अपघात करून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद. छापील संहितेत ते आहे. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा मात्र हे पोटकलम वगळलेलं होतं, आणि ते कळायला संहिता अंमलात आणणारी अधिसूचना पाहावी लागते. म्हणून आधी कलम १ मध्ये अंमलाची तारीख कशी ठरते ते बघायचं, मग अधिसूचना, मग दुरुस्त्या, मग व्याख्यांचं कलम, मग त्याखालचे नियम, आणि शेवटी आपल्या राज्याचा वेगळा कायदा आहे का ते.

शेवटची पायरी चुकली की काय होतं, याचं घरोघरचं उदाहरण म्हणजे अकरा महिन्यांचा भाडेकरार. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिने घातले की नोंदणी नको, असा हिशेब. महाराष्ट्रात तो चुकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ मुदत विचारतच नाही: करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरी गोम त्याच कलमात आहे. नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. पाचशेच्या स्टँपवर नोटरी केलेला कागद हातात धरून मालक निर्धास्त असतो, आणि अनामत किती होती हे भाडेकरू सांगतो.

जे रोज कायदा राबवतात त्यांचंही बघा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्यानंतरही पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कोणावरही खटला चालवायचा नाही.

सामान्य माणसाने मुदती मात्र माहीत करून घ्याव्यात, कारण मुदतीला कोर्ट फारशी दयामाया दाखवत नाही. चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी १५ दिवस, आणि त्यानंतर एक महिन्यात तक्रार. तक्रारीचा उशीर सबळ कारण असेल तर माफ होऊ शकतो, नोटिशीचा नाही. बहुतेकांचे ते ३० दिवस ‘देतो, देतो’ ऐकण्यातच जातात. चेकवरच्या तारखेपासून तीन महिने उलटले नसतील तर तो पुन्हा बँकेत टाकता येतो. पुन्हा परत आला की नोटिशीचे ३० दिवस नव्याने सुरू होतात.

राहिला वकिलाच्या पैशांचा मुद्दा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात करायचा. फोनवर विचारायचं तर क्रमांक १५१००.