स्टेजवरचा जनरल आणि फाइलमधली ‘सुमन’

ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, माजी सैनिकांसाठी संस्था काढायची ठरली की पहिली शोधाशोध होते ती अध्यक्षपदासाठी एखाद्या निवृत्त जनरलची. लेटरहेडवर नावापुढे पीव्हीएसएम, एव्हीएसएम ही सेवापदकं आली की कंपन्या दार उघडतात, आमदार वेळ देतात आणि कारगिल विजय दिनाला सभागृह भरतं. यात गैर काहीच नाही. पण जनरलच्या नावापेक्षा त्याची एक जुनी सवय संस्थेच्या जास्त उपयोगाची असते, आणि तिचाच वापर सगळ्यात कमी होतो. ती सवय म्हणजे स्टाफवर्क.

कंपनी, बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर ही कमांडची शिडी आपल्याला ठाऊक असते, कारण फोटो तिथलेच निघतात. मधल्या पोस्टिंगमध्ये हाच माणूस वर्षानुवर्षं फायली हलवत असतो. कुठलं पत्र कोणत्या टेबलावर अडलंय, रिमाइंडर कधी टाकायचा, सही कुणाची लागते, हे त्याला झोपेतही सांगता येतं. संस्थेत आल्यावर मात्र त्याच्या हाती कात्री, माइक आणि शाल-श्रीफळ दिलं जातं. चाळीस वर्षांची कमाई फुकट घालवायची याहून सोपी रीत नसेल.

आता ती कमाई लागते कुठे, ते बघा.

माजी सैनिकाच्या विधवेचं काम अडतं ते बहुतेक वेळा नावावरून. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. माहेरची सुमन सासरी सुनंदा होते. नवऱ्याने युनिटमध्ये लग्नाची नोंद करताना कार्यालयाला सुमन सांगितलं, पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या घरच्या नोंदींचा युनिटचा लेखी आदेश) त्याच नावाने निघाली, डिस्चार्ज बुकात आणि पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, तेच उतरलं. पुढे आधार कार्ड मात्र सुनंदा या नावाने निघालं. कधी फरक नुसत्या ‘बाई’चा असतो, एकीकडे लक्ष्मी तर दुसरीकडे लक्ष्मीबाई. कधी बायकोची जन्मतारीखच नोंदलेली नसते. नवरा हयात असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतन तिथेच थांबतं.

यावर इलाज आहे, पण क्रम चुकला की महिने जातात. आधी महापालिकेचा मृत्यूचा दाखला. मग दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, सोबत आधार, पॅन, पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाच्या प्रती. हे सगळं जातं नवऱ्याच्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे त्याच्या रेजिमेंटच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असेल तर बेळगाव, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशातलं सागर, तोफखान्याचा असेल तर नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचा असेल तर खडकी. तिथे नोंद दुरुस्त झाली की प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून (पीसीडीए पेन्शन्स) सुधारित पीपीओ निघतो. लोक उलटं करतात. आधी बँकेत जातात, बँक म्हणते आमच्या हातात काही नाही, मग थेट प्रयागराजला पत्र टाकतात. ते पत्र फिरून रेकॉर्ड ऑफिसलाच येतं.

दरम्यान एटीएम कार्ड घरातच असतं आणि मुलगा पैसे काढत राहतो. मृत्यूनंतर जमा झालेलं पेन्शन पुढे आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून वसूल होतं. म्हणून मृत्यूची नोंद ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर लगेच करायची आणि नोंद पूर्ण होईपर्यंत नवऱ्याचं सिम कार्ड बंद करायचं नाही. ओटीपी त्याच नंबरावर येतो.

हयातीच्या दाखल्याचंही तसंच. डिजिटल दाखला भरताना पेन्शन देणारी यंत्रणा म्हणून ‘स्पर्श, पीसीडीए पेन्शन्स, अलाहाबाद’ निवडायचं असतं (शहराचं नाव बदललं, यादीतलं नाही). सवयीने जुनी बँक निवडली की दाखला यशस्वी झाल्याचा मेसेज तर येतो, पण तो भलत्याच ठिकाणी पोचलेला असतो. नंतर पेन्शन थांबलं की सगळे बँकेशी भांडतात.

नवी मुंबईची वेगळीच गंमत. बेलापूरला राहणारी विधवा ठाणे जिल्ह्यात येते, तिचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ठाण्याला. खाडीपलीकडे एकच स्टेशन पुढे खारघरला राहणारी रायगड जिल्ह्यात, तिचं कार्यालय अलिबागला. सत्तरीच्या बाईने खारघरहून एसटीने अलिबाग गाठायचं आणि तिथे कळायचं की झेरॉक्सवर सही राहिली. पनवेल, कामोठे, कळंबोली, उलवे, सगळ्यांचा रस्ता तोच. नवी मुंबईतल्या संस्थेने बाकी काही केलं नाही, नुसता आठवड्यातून एकदा पनवेलला कागद तपासून देणारा एक निवृत्त हेडक्लार्क बसवला, तरी तो वर्षभराच्या सत्कारांपेक्षा जास्त कामाला येईल. हेडक्लार्कच म्हणतोय मी, कर्नल नव्हे. पार्ट टू ऑर्डर वाचणं हे त्याचं रोजचं काम होतं.

मग जनरल कशाला हवा?

एक, डीओ लेटरसाठी, म्हणजे अधिकाऱ्याला नावाने लिहिलेल्या अर्धशासकीय पत्रासाठी. सहा महिने पडून असलेल्या अर्जाला रेकॉर्ड ऑफिसच्या प्रमुखाच्या नावाने, आर्मी नंबर आणि आधीच्या पत्रांच्या तारखांसह, एका पानाचं नेमकं पत्र गेलं तर ते टेबलावर वर येतं. पण हे हत्यार रोज काढायचं नाही. कागद अपुरे असताना पाठवलेलं डीओ लेटर वाया जातं आणि पुढच्या वेळी त्याचं वजनही राहत नाही.

दुसरं काम जास्त मोठं, आणि ते हेडक्लार्कला जमणारं नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या तीन पायऱ्या आहेत. साधारण असेल तर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, मृत्यू सेवेमुळे झाल्याचं मान्य झालं तर विशेष, म्हणजे ६० टक्के, आणि युद्धात किंवा दहशतवादविरोधी कारवाईत झाला असेल तर उदारीकृत, म्हणजे १०० टक्के. ३० आणि ६० मधला फरक बऱ्याचदा कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या एका वाक्यावर ठरतो. ज्याने स्वतः अशा चौकश्या बसवल्या, त्यांचे निष्कर्ष मंजूर केले, त्याला ते वाक्य कुठे कच्चं आहे हे चटकन दिसतं. अपिलात दम आहे की नाही, पहिलं आणि दुसरं अपील संपल्यावर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जावं की नाही, हे त्याने सांगावं. नाही म्हणायचं असेल तर तेही त्यानेच म्हणावं. जनरलने ‘ताई, यात काही निघणार नाही’ असं सांगितलं तर बाई वकिलाच्या फेऱ्यांतून वाचते.

ज्यांना पेन्शनच नाही त्यांच्याकडे संस्थांचं लक्षच जात नाही. पेन्शन न मिळणाऱ्या, ६५ वर्षांवरील, हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यावरच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मिळणारी मदत महिना ४,००० रुपयांवरून ८,००० झाली, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच जातो. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा फिरवणाऱ्या किती जणांनी आपल्या वॉर्डातली अशी माणसं शोधलीत?

संस्थेच्या कागदांबद्दल थोडं, कारण जनरलांची इथे हमखास फसगत होते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. जनरलसाहेबांचं जंगी स्वागत होतं, बदल अर्ज राहून जातो, आणि वर्षाने बँक विचारते, सही कुणाची? २,००० रुपयांवरची देणगी रोखीत घेतली तर देणगीदाराला आयकरात सवलत मिळत नाही. देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरायचं. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) पैसा हवा तर सीएसआर-१ नोंदणी आधी. युनिटमध्ये हे बघायला एखादा सुभेदार असायचा, इथे सही करणाराच जबाबदार. आणि इथले स्वयंसेवक हुकूम ऐकायला बांधील नाहीत. रविवारी नऊला फॉल-इन म्हटलं तर दोन रविवार येतात.

मेजर जनरल इयान कार्डोझो यांचं नाव या विषयात नेहमी घेतलं जातं. जन्म मुंबईचा, ५ गोरखा रायफल्स. १९७१ च्या युद्धात सिल्हेटच्या आघाडीवर सुरुंगाने पाय गेला आणि तो त्यांनी स्वतःच्या खुकरीने कापला, एवढंच स्टेजवरून सांगतात. मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. पाय गेलेल्या अधिकाऱ्याला कमांड मिळत नाही हा नियम त्यांनी शारीरिक चाचण्या देऊन मोडायला लावला. युद्धात अपंगत्व येऊनही पायदळाची बटालियन आणि पुढे ब्रिगेड कमांड करणारे ते पहिले अधिकारी. निवृत्तीनंतर २००५ ते २०११ ते भारतीय पुनर्वसन परिषदेचे अध्यक्ष होते. अपंगांसोबत काम करणाऱ्या प्रशिक्षितांची नोंदणी आणि त्यांच्या अभ्यासक्रमांचा दर्जा ठरवणारी ही वैधानिक संस्था. म्हणजे समित्या, नियमावल्या, तपासण्या. खुकरीएवढं रंजक नाही, टाळ्याही पडत नाहीत. पण आपल्या जनरलांनी हाच भाग उचलावा.

आणि हे काम आता वाढणार आहे. लष्करातल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६-२७ च्या हिवाळ्यात भरतात. कायम केले जाणार २५ टक्क्यांपर्यंत, बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येतील. त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. आता संस्थेची घटना उघडून ‘लाभार्थी’ची व्याख्या वाचा. बऱ्याच ठिकाणी तिथे ‘माजी सैनिक व त्यांचे कुटुंबीय’ एवढंच लिहिलेलं असतं. कळव्याचा किंवा ऐरोलीचा तेवीस वर्षांचा पोरगा दारात आला तर तो या व्याख्येत बसत नाही. ती बदलायला सभेचा ठराव लागतो, मग धर्मादाय कार्यालय. जनरलसाहेबांनी पुढच्या सभेच्या नोटिशीत सत्काराच्या वर हा विषय घ्यावा.