कणगीतलं बियाणं

आमच्या आजोळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामेभावानं लिहिलं, "संरक्षणाच्या बजेटमधला चौथा हिस्सा पेन्शनीत जातो आणि वर विमानं नाहीत म्हणून ओरड. ताई, तुमच्या इंग्लंडकडे बघा जरा. पाऊण लाखाची आर्मी, तरी जगात मान. आपण चौदा लाख माणूस कशाला पोसतोय?" खाली अकरा अंगठे. त्यातले सहा माझ्या जवळच्या नात्यातले.

मी रात्रपाळी करून आले होते. उत्तर लिहिलं, पुसलं, झोपले. उठल्यावरही ते वाक्य तसंच डोक्यात होतं. तुमच्या इंग्लंडकडे बघा. एकोणीस वर्षं बघतेय मी, आणि तेही प्लिमथमधून. या गावाचं पोट डेव्हनपोर्टच्या, नौदलाच्या गोदीवर चालतं. टॉरपॉइंट फेरीत गाडी घालून उभी राहिले की उजव्या-डाव्या हाताला राखाडी जहाजं दिसतात, आणि कोणतं जहाज वर्षानुवर्षं जागचं हललेलं नाही हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. नॉव्हेंबर २०२४ मध्ये 'अल्बियन' आणि 'बुलवर्क' ही नौदलाची दोन जहाजं सेवेतून काढायचं जाहीर झालं, त्या रात्री आमच्या वॉर्डात कोणी नीट झोपलं नाही. गोदीत हात काळे केलेला नाहीतर नेव्हीत उमर घालवलेला एकतरी पेशंट आमच्याकडे रोज असतो. बजेटची कपात इथं बातमी म्हणून येत नाही, घरात येते.

पुण्यात बसून 'इंग्लंडचं मॉडेल' म्हणणाऱ्यांना हे मॉडेल कसं घडलं ते माहीत नाही. मला ते एका म्हाताऱ्या पेशंटनं सांगितलं. मी भारतातली, त्यातही मुंबईच्या बाजूची, हे कळल्यावर तो म्हणाला, "माझं जहाज तुमच्याकडे आहे." तो 'हर्मीस' या विमानवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये होता. १९८१ च्या जूनमध्ये संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी श्वेतपत्रिका मांडली. अण्वस्त्रांच्या पाणबुड्यांना पैसा लागणार, तेव्हा वरची जहाजं कमी करा, असा हिशोब होता. दुसरी विमानवाहू 'इन्व्हिन्सिबल' ऑस्ट्रेलियाला विकायची ठरली. दक्षिण अटलांटिकमध्ये झेंडा दाखवत फिरणारं 'एन्ड्युरन्स' परत बोलवायचं ठरलं. 'हर्मीस' तर जाणारच होती. पुढच्या वर्षी २ एप्रिलला अर्जेंटिनाचं सैन्य तिथल्याच ब्रिटिश फॉकलंड बेटांवर उतरलं. तीन दिवसांत 'हर्मीस' आणि 'इन्व्हिन्सिबल' पोर्टस्मथहून निघाल्या. तिथल्या गोदीतल्या कित्येक कामगारांच्या हातात नोकरी गेल्याच्या नोटिसा होत्या, आणि तेच कामगार रात्रंदिवस राबून जहाजं तयार करत होते. त्या लढाईत २५५ ब्रिटिश सैनिक गेले. काही महिने उशीर झाला असता तर पाठवायला जहाजंच नसती, असं तो म्हातारा म्हणाला आणि बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला.

हीच 'हर्मीस' १९८६ मध्ये आपण विकत घेतली. इथंच, डेव्हनपोर्टमध्ये, तिची दुरुस्ती झाली आणि १२ मे १९८७ ला ती 'विराट' झाली. शाळेत असताना वडिलांनी, म्हणजे आबांनी, आम्हा भावंडांना नौदल सप्ताहात मुंबईला नेऊन ती दाखवली होती. एवढं मोठं लोखंड पाण्यावर तरंगतं कसं, हे मी दिवसभर विचारत होते. म्हाताऱ्यानं विचारलं, आता कुठंय ती? २०१७ मध्ये ती निवृत्त झाली, सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात तिचं संग्रहालय करायला आपल्या मंत्रिमंडळानं ८५२ कोटींची मंजुरी दिली, ते झालं नाही, आणि २०२० मध्ये ती अलंगला तोडायला गेली, हे सगळं मला त्याला सांगावं लागलं. त्या क्षणी मला फार लाज वाटली. कोणाच्या वतीनं वाटली, ते तेव्हा उमगलं नाही.

मामेभावाचा तो पाऊण लाख. २०१० मध्ये इथल्या आर्मीत एक लाखाच्या वर माणसं होती. मग ८२ हजारांचं उद्दिष्ट आलं, २०२१ मध्ये ७२,५०० चं. हा आकडा कोणी सेनापतीनं नकाशा पुढ्यात घेऊन काढलेला नाही. दर काही वर्षांनी तिजोरीत खडखडाट झाला की तो खाली सरकत आलाय. आणि माणसं कमी केली म्हणून यंत्रं वाढली असंही झालं नाही. २०१० मध्ये समुद्रावर गस्त घालणारी 'निमरॉड'ची नवी विमानं रद्द केली. अब्जावधी पौंड खर्च झाले होते, विमानं हाताशी येऊन ठेपली होती, तरी त्यांचे तुकडे केले. त्याच वर्षी 'हॅरियर' लढाऊ विमानं निवृत्त केली आणि पुढच्या वर्षी ती अमेरिकेच्या मरीन कोअरला सुट्या भागांसाठी विकून टाकली. मग किनाऱ्याजवळ परकी पाणबुडी आल्याचा संशय आला की मित्रदेशांची विमानं बोलवायची पाळी आली. नवी विमानं यायला २०२० उजाडलं.

मधली दहा वर्षं काय केलं, तर पाणबुडी शोधण्याची विद्या विसरू नये म्हणून निमरॉडवरचे निवडक लोक अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या विमानांवर काम करायला पाठवले. त्या योजनेचं नाव 'सीडकॉर्न', म्हणजे बियाण्याचं धान्य. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आजीच आठवली. आमच्या खटावात बियाण्याची ज्वारी वेगळ्या कणगीत असायची. राख मिसळून, तोंड शेणामातीनं लिंपून. बहात्तरच्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढले, पण आजीनं ती कणगी फोडली नाही, असं आई अजून सांगते. सैन्यात हे बियाणं म्हणजे अनुभवी हवालदार, जुना तंत्रज्ञ, पंधरा वर्षं एकाच तोफेला कान लावून बसलेला माणूस. तोफ मागवता येते. तो माणूस तयार व्हायला पंधरा वर्षंच लागतात, पैसे दुप्पट दिले म्हणून तो साडेसातात होत नाही.

घरांची गोष्ट तर मी दहा जणांना सांगितली आहे आणि कोणालाच पटत नाही. १९९६ मध्ये इथल्या संरक्षण खात्यानं सैनिकांच्या कुटुंबांची ५७ हजारांवर घरं एका खाजगी कंपनीला १६६ कोटी पौंडांना विकली आणि लगेच भाड्यानं परत घेतली. त्या वर्षीचा ताळेबंद सुंदर दिसला असणार. पुढं जवळजवळ तीस वर्षं सरकार भाडं भरत राहिलं, आणि दुरुस्तीची जबाबदारीही सरकारवरच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये त्यातली ३६ हजार घरं सरकारनं सुमारे ६०० कोटी पौंडांना परत विकत घेतली. माझ्या मुलाचा एक मित्र अशाच एका घरात राहायचा. न्हाणीघराच्या भिंतीवर काळी बुरशी, पोराला कायम दमा, बाप सहा महिने समुद्रावर. शेवटी त्यानं नेव्ही सोडली. बजेटच्या कोणत्या रकान्यात हा माणूस वजा झाला?

भावानं मध्येच लिहिलं होतं, "आता ड्रोनचा जमाना आहे." बरं. इथल्या आर्मीनं 'वॉचकीपर' नावाची ड्रोन २०१४ मध्ये वापरात आणली. वर मी म्हटलं त्या नॉव्हेंबर २०२४ च्या यादीत त्या दोन जहाजांबरोबर ही शिल्लक राहिलेली ड्रोनही होती. जुनी झाली म्हणून. ड्रोन मोबाइलसारखं जुनं होतं. पलटण तशी होत नाही.

तो सगळाच चुकीचा बोलतोय असं मी म्हणणार नाही. २०२५-२६ मध्ये आपलं संरक्षणाचं बजेट ६ लाख ८१ हजार कोटी होतं, त्यातले १ लाख ६० हजार कोटी पेन्शनीचे. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ स्क्वाड्रन हव्यात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटची मिग-२१ उतरल्यावर २९ उरल्या. हे आकडे मलाही टोचतात. पण मग पेन्शन वाचवायची म्हणजे नेमकं काय करायचं? अग्निपथचं, म्हणजे जवानांना चार वर्षांसाठी घेण्याच्या योजनेचं, सगळे नाव घेतात. सरकार म्हणतं, सैन्याचं सरासरी वय ३२ वरून २६ वर आणायचंय, आणि त्यात तथ्य आहे, सियाचीनवर तरणी छातीच लागते. पण ग्रुपवरचे लोक ही योजना पेन्शनीचं औषध म्हणून मिरवतात. जवानाला पेन्शन बसते पंधरा वर्षांनी. म्हणजे २०२२ मध्ये जो भरतीच झाला नाही त्याची पेन्शन वाचायला सुरुवात होणार २०३७ च्या पुढं. आणि बियाणं मात्र आजच कमी पेरलं जातंय.

"तिकडेही चारच वर्षं असतात ना?" असं एका मावसभावानं विचारलं. असतात. इथल्या शिपायाला किमान चार वर्षं काढावी लागतात, त्यानंतर जायचं की राहायचं हे तो ठरवतो. आपल्याकडे १०० पैकी २५ कोण राहणार हे सैन्य ठरवणार. इथं दोन वर्षं झाली की तेवढ्या वर्षांची का होईना, पेन्शन त्याच्या नावावर जमा राहते, म्हातारपणी मिळते. आपल्या पोराला पावणेबारा लाख एकरकमी आणि बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी गावाकडे परत. तुलना करायची तर पूर्ण करा.

आम्ही सातारकर हे बोलतो त्याला कारण आहे. आपशिंग्याला लोक 'आपशिंगे मिलिटरी' म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातून गेलेले ४६ जण परत आले नाहीत. आमच्याकडे पहाटे चारला डांबरी रस्त्यावर बुटांचा आवाज यायचा. भरतीची पोरं सोळाशे मीटर मारायची. आता रस्ता शांत असतो, असं आई म्हणते. पोरं आता पोलीस भरतीच्या अकॅडमीला जातात. नेपाळनं २०२२ पासून आपल्या गुरखा पलटणींसाठी पोरं देणं थांबवलंय. हे सगळं कोणत्या खात्यावर बचत म्हणून मांडायचं? बासष्टमध्ये आपण मार खाल्ला तो कित्येक वर्षं सैन्याकडे हात आखडून बघितल्यावर. मग यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण आजही छाती फुगवून म्हणतो. त्यांनी सैन्य सव्वाआठ लाखांवर न्यायची योजना आखली. पण हरवलेली माणसं काही त्या योजनेत परत आली नाहीत. इथंही आता तेच चाललंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी संरक्षणाचा खर्च २०२७ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं जाहीर केलं आणि त्यासाठी गरीब देशांच्या मदतीला कात्री लावली. तीस वर्षांत जे विकलं ते आता घाईघाईनं गोळा करायचंय.

यातलं अर्धंअधिक मी शेवटी ग्रुपवर लिहिलं. मामेभावाचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "ताई, पौंडात कमावून, त्यांचा पासपोर्ट घेऊन आम्हाला सैन्य शिकवू नका. टॅक्स आम्ही भरतो."

याचं उत्तर मात्र मला अजून सापडलेलं नाही. आबा मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं होते. हवालदार म्हणून पेन्शनीत आले, नंतर एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. मिरजेला माझं नर्सिंग झालं ते त्या पेन्शनीवर. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनीऑर्डर यायची, मागच्या चिठ्ठीत एकच ओळ असायची, जेवत जा. देशानं माझ्या बापाला जे दिलं त्यातून मी शिकले, आणि ते शिक्षण घेऊन दुसऱ्या देशाच्या म्हाताऱ्या खलाशांची सेवा करते. दहा वर्षांपूर्वी पासपोर्ट परत केला तेव्हा त्यावर रद्दचा शिक्का मारून मिळाला. मी घरी येऊन तो आबांच्या पदकांच्या डबीत ठेवला, आणि आईला महिनाभर सांगितलं नाही. म्हणून 'आपलं सैन्य' असं लिहिताना माझा हात एक क्षण थांबतो. भावाला ते दिसलं असावं.

आणि आता माझा सोळा वर्षांचा मुलगा नेव्हीत जायचं म्हणतो. इथल्या. दोन वर्षं सी कॅडेट्सला जातो, गुरुवारी रात्री स्वतःचा गणवेश स्वतः इस्त्री करतो, अगदी आबांसारखी बाहीवर एकच रेघ पाडतो. त्याला हे कोणी शिकवलं नाही. मला अभिमान वाटतो आणि त्याच वेळी पोटात खड्डाही पडतो. ज्या सरकारनं सैनिकांची घरं विकली त्याच्या हाती मी माझं पोर देणार आहे.

रविवारी त्यानं आजीला फोनवर सांगितलं. मोडक्या मराठीत, पण नीट सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. तिच्या घरातलाच माझा भाचा पहिल्या तुकडीतला अग्निवीर आहे, त्याची चार वर्षं भरत आलीत. शंभरातल्या त्या पंचवीसमध्ये नंबर लागतो का याची घरादाराला काळजी आहे. मग आईनं विचारलं, "बाळा, तिथं पेन्शन आहे का रे?"

त्याला प्रश्नच कळला नाही. त्यानं फोन माझ्या हातात दिला.

"आहे," मी म्हटलं.

"मग जाऊ दे त्याला," आई म्हणाली, आणि भाच्याला सुट्टीत नवी गादी करून घ्यायची आहे, कापूस महाग झालाय, असं काहीतरी सांगू लागली.