‘बोअर सारखा, म्हणजे सगळं बसतं’ हे खरं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. होंडाची जीएक्स १६० आणि जीएक्स २०० ही इंजिनं म्हणे आतून एकच. पाण्याच्या पंपाचं किंवा पॉवर वीडरचं जुनं इंजिन खोला, क्रँक, पिस्टन, हेड हवं तसं अदलाबदल करा, गव्हर्नर (इंजिनाचा वेग ठरावीक मर्यादेत ठेवणारा भाग) काढून टाका, गो-कार्ट, म्हणजे छोटी उघडी गाडी, दुप्पट पळते. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीची गळी उतरतात.

‘आतून एकच.’ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, दोन्हींचा ६८ मिलिमीटर, इथवर बरोबर. पण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, १६० चा ४५ आणि २०० चा ५४. म्हणजे २०० चा क्रँक पिस्टनला साडेचार मिलिमीटर जास्त वर नेतो. ते साडेचार कुठेतरी वजा व्हायला हवेत: पिस्टनच्या पिनच्या जागेत, कनेक्टिंग रॉडमध्ये नाहीतर ब्लॉकच्या उंचीत. न मोजता जोडलं तर पिस्टन हेडला भिडतो. चायनीज इंजिनांवरच्या १६८ या आकड्यातला ६८ सुद्धा फक्त बोअर सांगतो. त्यात ४५ आणि ५४ असे दोन्ही स्ट्रोक मिळतात. १७० लिहिलेल्याचा बोअर ७०, त्याचा पिस्टन ६८ मध्ये जाणारच नाही.

‘कुठलंही हेड चालतं.’ बोल्ट बसले एवढ्यावरून हे ठरत नाही. ८.५ कॉम्प्रेशनच्या, म्हणजे आतलं मिश्रण साडेआठ पट दाबणाऱ्या, जुन्या १६० चं हेड २०० वर चढवलं की हिशेबाने कॉम्प्रेशन १० च्या आसपास जातं, आणि हवेवर थंड होणारं इंजिन लोडवर नॉक करू शकतं, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून आत ठोके बसतात. उलट, रॉकेलवर चालणारी शेतातली इंजिनं मुद्दाम कमी कॉम्प्रेशनची असतात. त्यांच्या हेडने ताकद घटेल.

‘गव्हर्नर काढा.’ मला खरी भीती याची वाटते. ही इंजिनं साधारण ३६०० आरपीएमसाठी (मिनिटाला फेरे) बांधलेली आहेत. फिरणाऱ्या भागांवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो: ५४०० वर नेलं, म्हणजे दीडपट, तर ताण सव्वादोन पट. रॉड ॲल्युमिनियमचा, त्याला वेगळं बेअरिंग नाही, आणि तेल मिळतं ते रॉडच्या टोकाने उडवलेलं. रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो. ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील फुटलं तर तुकडे गोळीसारखे उडतात, आणि कार्टमध्ये इंजिन चालवणाऱ्याच्या पाठीशी किंवा कुशीलाच असतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला तिथे बसवून गव्हर्नर काढायला सांगणं हा गुन्हा आहे, असं मी स्पष्ट म्हणतो. आरपीएम वाढवायचेच असतील तर आधी बिलेटचा, म्हणजे भरीव धातूच्या ठोकळ्यातून कोरलेला, रॉड आणि बिलेटचं फ्लायव्हील घ्या, मगच गव्हर्नरला हात लावा.

वेगच हवा असेल तर स्प्रॉकेट बदला. पुढे १० दात, मागे ६० असताना ११ इंची टायरवर ३६०० आरपीएमला ताशी ३१-३२ किलोमीटर मिळतात. मागे ५० लावा, ३८ होतात. पिकअप थोडा कमी होईल, एवढंच.

कार्बोरेटर, रिकॉइल स्टार्टर, टाकी, एअर फिल्टर ही मंडळी १६० आणि २०० मध्ये बऱ्याचदा बसतात. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मात्र बघून घ्या. क्लच घेताना शाफ्टला व्हर्नियर लावा. काहींचा शाफ्ट पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटर असतो, काहींचा २०. वीसचा क्लच पाऊण इंचीवर चढतो खरा, पण डुगडुगतो आणि चावीचा गाळा (शाफ्टवरची क्लच अडकवणारी खाच) खातो. बेळगावच्या उद्यमबागेत अचूक बुश (मधली फट भरणारी नळी) करून देणारे लेथवाले आहेत, माप घेऊन त्यांच्याकडे जा.